ऑक्सिजन जास्त झाला म्हणून हाताला मुंग्या येतात का?

तर्रीपोहा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण आमच्या घरात त्यावरून सकाळपासून महाभारत चालू आहे.

आमचा सकाळचा ग्रुप सेमिनरी हिल्सवर फिरायला जातो. फिरून झालं की एक काका सगळ्यांना सतरंजीवर बसवून श्वासाचे व्यायाम करून घेतात. काकांचं वय बहात्तर, तब्येत माझ्यापेक्षा टणक, आवाज तीन झाडांपलीकडे जाणारा. आज म्हणाले, "रोज काय मुळूमुळू करता, आज जोरात होऊ द्या." दहा मिनिटं भराभर, छाती फुगवून, भात्यासारखा श्वास. सातव्या-आठव्या मिनिटाला माझ्या ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांच्या टोकांना. मग उजव्या हाताची बोटं आपोआप जवळ येऊन आखडली. कासाराकडे बांगड्या भरताना बायका हात निमुळता करतात ना, हुबेहूब तसा हात झाला. सोडवता येईना. डोकं हलकं, समोरची झाडं लांब गेल्यासारखी.

काका म्हणाले, "घाबरू नका. शरीरात ऑक्सिजन भरून राहिला. सवय नाही तुम्हाले त्याची."

घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणते, "ऑक्सिजन जास्त झाल्यानं हात वाकडे होतात, तर दवाखान्यात नळ्या लावलेल्या पेशंटचे का नाही होत?"

माझ्याकडे उत्तर नाही. मी अकाउंट्सवाला माणूस, दहावीनंतर विज्ञानाशी संबंध संपला. श्वास घेतल्यावर आत नेमकं काय होतं, कोणी सांगेल का? पुस्तकी आकृती नको, ती मुलीच्या वहीत आहे.

---

महालवाला | रविवार, रात्री ९:५२

वहिनी जिंकल्या. धागा बंद करा.

---

भूलचूक | रविवार, रात्री ११:१५

वहिनींना माझा नमस्कार सांगा. प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे.

मी तीस वर्षं ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायचं काम केलं. म्हणजे दुसऱ्यांचा श्वास त्यांच्या वतीनं सांभाळायचा. तुम्ही अकाउंट्सवाले, तेव्हा जमाखर्चानंच सांगते.

निवांत बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १६ श्वास घेतो, दर वेळी साधारण ५०० मिलिलिटर हवा. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड अवघा ०.०४ टक्के. बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन १६ च्या आसपास, कार्बन डायऑक्साइड ४ च्या आसपास. बाकी जवळपास सगळा नायट्रोजन, तो नुसता येतो आणि जातो. म्हणजे आत घेतलेल्या ऑक्सिजनचा मोठा हिस्सा आपण न वापरताच परत करतो. बेशुद्ध माणसाला तोंडानं दिलेला श्वास उपयोगी पडतो तो यामुळेच. आपण 'वापरून' सोडलेल्या हवेतही त्याला पुरेल इतका ऑक्सिजन असतो.

आता रक्ताकडे या. निरोगी माणसाच्या फुफ्फुसातून निघालेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. काठोकाठ भरलेल्या माठात तुम्ही आणखी तांबे ओतलेत, तर जमीन ओली होईल, माठ काही वाढणार नाही. रक्ताच्या पाण्यात थेट विरघळणारा ऑक्सिजन अगदी नगण्य असतो: १०० मिलिलिटर रक्तात ०.३ मिलिलिटर. हिमोग्लोबिनला चिकटलेला सुमारे २० मिलिलिटर. तेव्हा काकांचा ऑक्सिजन 'भरून राहिला' हे काही खरं नाही. जागाच नव्हती.

बदललं ते दुसरंच. भात्यासारखा श्वास चालवला की कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर धुतला जातो. रक्तात तो आम्लासारखा वागतो. तो घटला की रक्त अल्कलीकडे झुकतं. मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटून बसतं, आणि मोकळं कॅल्शियम घटलं की नसा चिडक्या होतात. मुंग्या आणि तो बांगड्यांचा हात, दोन्ही त्याचेच. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. डोकं हलकं झालं ते मेंदूला रक्त कमी पोचलं म्हणून. काकांनी दिलेल्या कारणाच्या बरोबर उलट.

---

महालवाला | रविवार, रात्री ११:३१

थांबा थांबा ताई. लहानपणापासून शाळेत सांगून राहिले की कार्बन डायऑक्साइड म्हणजे घाण वायू, बाहेर टाकायचा. आता तुम्ही म्हणता तो कमी झाला तं हात वाकडा. मंग तो चांगला का वाईट, एक काय ते सांगा बापा.

आन दुसरं, कॅल्शियम कमी झालं म्हणता तं ते काका सगळ्यायले गव्हाच्या दाण्याएवढा चुना खायले सांगतात, ते बरोबरच झालं ना? (मी ओळखतो त्यायले. तीन झाडांपलीकडे आवाज जाणारा एकच माणूस आहे तिथं.)

---

भूलचूक | सोमवार, सकाळी ६:२०

चुन्यानं काही होणार नाही. कॅल्शियम शरीरातून गेलेलंच नाही, फक्त जागा बदलून बसलंय. श्वास हळू केला की पाच-दहा मिनिटांत मोकळं होतं.

आणि चांगला की वाईट म्हणाल तर, कार्बन डायऑक्साइड हा शरीराचा घंटानाद आहे. मेंदूच्या देठाशी, मस्तिष्कपुच्छात, श्वासाचं नियंत्रण करणारी केंद्रं आहेत. ती दिवसरात्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइड किती साठला हे बघतात, ऑक्सिजन किती आहे हे नव्हे. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या गाठी मानेतल्या मोठ्या धमन्यांजवळ आहेत खऱ्या, पण ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय त्या मोठ्यानं ओरडत नाहीत.

नाक दाबून बसा. मिनिटभरात जीव कासावीस होतो. आपल्याला वाटतं ऑक्सिजन संपला. कुठला! तेव्हाही रक्तात भरपूर शिल्लक असतो. कासावीस करतो तो आत तुंबलेला कार्बन डायऑक्साइड.

हे कळल्याशिवाय पोरांना तलावात किंवा टाक्यात सोडू नका. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो या पैजेआधी पोरं दहा-वीस वेळा जोरजोरात श्वास घेतात. त्यानं ऑक्सिजन वाढत नाही, घंटा तेवढी बंद पडते. वर यावंसं वाटायच्या आधीच ऑक्सिजन संपून मुलगा पाण्यात बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारेही असे गेलेले आहेत.

---

तर्रीपोहा | सोमवार, सकाळी ७:०५

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आम्ही गावी विहिरीत नेमकं हेच करायचो.

---

संत्राबर्फी | सोमवार, दुपारी १:३०

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आकृती नको म्हणालात, म्हणून आकृतीविना.

दरवर्षी अकरावीच्या पोरांसाठी मी खाटकाकडून बकऱ्याचं फुफ्फुस आणतो. तो दरवर्षी विचारतो, "कुत्ते के लिए क्या, सर?" मी दरवर्षी हो म्हणतो, समजावण्यात वेळ जातो. ट्रेमध्ये ठेवलं की ते ओल्या फडक्यासारखं मलूल, काळपट तांबडं दिसतं. पोरं नाक मुरडतात. मग श्वासनलिकेत रबरी नळी बसवून पायपंपानं हळूहळू हवा सोडायची. बघता बघता ते कोपऱ्याकोपऱ्यानं उमलत जातं आणि फिकट गुलाबी होतं, तिप्पट-चौपट मोठं. बोटानं दाबलं तर आत कुरकुर जाणवते, थर्माकोल चुरगळल्यासारखी. नळी काढली की आपोआप बसतं, दाबावं लागत नाही. श्वास सोडायला एरवी कष्ट पडत नाहीत ते यामुळे. घेताना श्वासपटल आणि बरगड्यांचे स्नायू खपतात, सोडताना फुफ्फुसाची लवचीकता काम करते.

मग एक तुकडा कापून पाण्यात टाकायचा. तरंगतो. शेजारी काळजाचा तुकडा टाकला तर तो तळाला. दरवर्षी इथे वर्ग गप्प होतो.

तरंगतो कारण आत हवेच्या कोट्यवधी पिशव्या आहेत. माणसात या वायुकोशांची संख्या तीस कोटींच्या पुढे धरतात, एकेक साधारण मिलिमीटरच्या पाव भागाएवढा. सगळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर ७० चौरस मीटरच्या आसपास क्षेत्र होतं. मनीषनगरमधल्या माझ्या टूबीएचकेचा कार्पेट एरिया तेवढाच आहे, आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. प्रत्येक कोशावर केशवाहिन्यांचं जाळं. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा सुमारे अर्धा मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ.

एवढी जागा आणि इतका पातळ पडदा कशाला? तर हे दोन वायू कोणी उचलून नेत नाही, त्यांना आपापलं जावं लागतं, म्हणून.

---

बुटीबोरीकर | सोमवार, दुपारी २:१०

सर, हीच माझी अडचण आहे. एकाच पडद्यातून एक वायू आत, दुसरा बाहेर, त्याच वेळी. धडकत कसे नाहीत? मी मनात सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन धरलंय. ऑरेंज लाइनचे लोक ॲक्वाकडे, ॲक्वाचे ऑरेंजकडे, एकाच जिन्यावरून. बरोबर का?

---

महालवाला | सोमवार, दुपारी २:१४

तिथं धडकतातच ना भौ. काल मलेच एकानं सुटकेस मारली.

---

भूलचूक | सोमवार, रात्री ८:४५

मेट्रोची उपमा एका जागी मोडते. प्रवाशाला कुठं जायचं ते ठाऊक असतं. वायूला काहीच ठाऊक नसतं.

उन्हाळ्यात कूलरला खसाच्या ताट्या लावल्या की वास घरभर होतो. वासाला कोणी बोलावत नाही. जिकडे दाट तिकडून विरळ तिकडे तो पसरतो, विसरण म्हणतात त्याला. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास उलट्या दिशेनं कूलरकडे येत असतो. खसाला फोडणीची अडचण होत नाही. प्रत्येक वायू फक्त स्वतःच्याच दाबाचा उतार बघतो, दुसऱ्याचा नाही.

वायुकोशात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर. शरीर फिरून आलेल्या रक्तात ४०. उतार आतल्या बाजूला, ऑक्सिजन रक्तात. कार्बन डायऑक्साइडचा रक्तात ४६, वायुकोशात ४०. उतार बाहेरच्या बाजूला. एकीकडे ६० चा उतार आणि दुसरीकडे फक्त ६ चा, तरी दोघांचं काम वेळेत होतं, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात कितीतरी जास्त विरघळतो आणि पडद्यातून ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट सहज पार होतो. तांबडी पेशी त्या केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद असते, आणि ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्यातला तिसरा हिस्साच लागतो. बाकीचा वेळ पळताना, जिने चढताना, आजारपणात उपयोगी पडतो.

पेशींपाशी नेमकं उलटं. तिथं ऑक्सिजन खर्च झालेला आणि कार्बन डायऑक्साइड तयार झालेला, म्हणून उतार फिरतात. गंमत अशी की जिथं कार्बन डायऑक्साइड जास्त, तिथं हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. जो स्नायू राबतोय त्याला आपोआप जास्त मिळतं. डेन्मार्कच्या क्रिस्तियन बोर यांनी १९०४ साली हे दाखवलं. अणूची रचना सांगणाऱ्या नील्स बोर यांचे ते वडील. तुमच्या काकांचा भाता चालू असताना याच्या उलट घडत होतं: कार्बन डायऑक्साइड घटला, पकड घट्ट झाली. माठ भरलेला, पण तोटी आवळलेली.

---

मुळामुठा | सोमवार, रात्री ९:०२

छान चर्चा. पण नागपूरकरांनो, सेमिनरी हिल्सवर एवढी झाडं असताना श्वासाचे व्यायाम कशाला हवेत? पिंपळाखाली जाऊन बसा, तो चोवीस तास ऑक्सिजन सोडतो.

---

संत्राबर्फी | सोमवार, रात्री ९:२०

रात्री अन्न तयार करायला प्रकाश नसतो, आणि ऑक्सिजन त्याच कामातून सुटतो. रात्री पिंपळ आपल्यासारखाच श्वसन करतो. पिंपळाखाली जरूर बसा, सावली उत्तम असते.

---

इतवारी_पॅसेंजर | मंगळवार, पहाटे १२:४०

लिहू की नको असं चाललं होतं.

एप्रिल २०२१. बाबांना ताप होता, घरीच होते, कुठेही जागा मिळत नव्हती. मी बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तर ८२ टक्के. यंत्र बिघडलं म्हणून माझ्या बोटाला लावलं, ९८. पुन्हा त्यांच्या, ८१. आणि बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते! मला म्हणाले, "चहात साखर विसरली का तुझी आई?" धाप नाही, घाबरणं नाही. नखं तेवढी निळसर दिसत होती, पण ती मी नंतर आठवली. दोन तासांनी एका ठिकाणी बेड मिळाला. ते वाचले. आज सकाळीच माझ्याशी वीजबिलावरून भांडले.

पण गेली कित्येक वर्षं मला एकच सलतं. एवढा ऑक्सिजन कमी असताना त्यांना गुदमरत कसं नव्हतं? गुदमरलं असतं तर मी आदल्या दिवशीच हललो असतो. ताई, तुमचं वरचं वाचून वाटलं, उत्तर इथेच आहे.

---

भूलचूक | मंगळवार, सकाळी ६:१०

हो, बरंचसं इथेच आहे. त्यांच्या फुफ्फुसाच्या काही भागांत ऑक्सिजन रक्तात पोचत नव्हता. पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला सोपा, तो उरलेल्या चांगल्या भागांतून निघून जात होता. घंटा वाजवणारा साठलाच नाही, म्हणून घंटा वाजली नाही. कार्बन डायऑक्साइड कमी असला की ऑक्सिजनच्या गाठींची हाकही मेंदूत क्षीण पोचते. त्या दिवसांत आम्ही सगळेच हे बघून चक्रावलो होतो. ऐंशीवर असलेला माणूस फोनवर गप्पा मारतोय! तुम्ही एक दिवस उशिरा हललात असं मनात धरू नका. बाबांनाच जे कळत नव्हतं, ते तुम्हाला बाहेरून कसं दिसणार होतं?

ते बोटाचं यंत्र ज्या युक्तीवर चालतं ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. लाल प्रकाश आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार सोडायचा. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळा शोषतं. फक्त नाडीबरोबर हलणारा भाग मोजला की धमनीतलं रक्त तेवढं वेगळं काढता येतं. जगभरातल्या घरांत ते यंत्र पोचायला लागलं त्याच वर्षी, एप्रिल २०२० मध्ये, आओयागी वारले.

---

इतवारी_पॅसेंजर | मंगळवार, सकाळी ६:३२

धन्यवाद ताई. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, साखर खरंच नव्हती.

---

बुटीबोरीकर | मंगळवार, सकाळी ९:१५

मी कारखान्यात सुरक्षा विभागात आहे, म्हणून त्या यंत्राबद्दल एक भर घालतो, कारण लोक त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी पडली की बाथरूमची खिडकी बंद करून गॅस गीझर लावतात, किंवा खोलीत शेगडी घेऊन झोपतात. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो, उठायचं नाव घेत नाही. आणि बोटाचं यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं. माणूस मरणाच्या दारात आणि आकडा ९८! डोकं दुखतंय, मळमळतंय आणि गीझर चालू आहे, तर आकडा बघत बसू नका, माणसाला उघड्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.

दुसरं, विहिरी. उन्हाळ्यात गाळ काढायला लोक उतरतात. जुनी माणसं आधी कंदील सोडायची, विझला तर उतरायचं नाही. पद्धत चांगली, पण अर्धीच. ऑक्सिजन कमी असला तर कंदील विझेल. कुजलेल्या गाळातला हायड्रोजन सल्फाइड असला तर कंदील खुशाल जळत राहील आणि माणूस पडेल. आणि पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. माझ्या ट्रेनिंगमध्ये मी एवढंच घोकून घेतो: वरचा माणूस दोर आणि हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय खाली जाणार नाही, खाली भाऊ असला तरी.

---

रामटेकची_लेक | मंगळवार, दुपारी ३:५०

माझ्या भाच्याला सिकलसेल आहे, वाहक नाही, आजार. आपल्या विदर्भात घरोघरी कोणी ना कोणी सापडतं. त्याच्या रक्तात हे ऑक्सिजनचं काम कसं बिघडतं? डॉक्टर गर्दीत नीट सांगत नाहीत. आणि त्यानं हे भराभर श्वासाचे प्रकार करावेत का?

---

भूलचूक | मंगळवार, रात्री ९:३०

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढाच फरक. फुफ्फुसात ते ऑक्सिजन घेतं, त्यात अडचण नाही. पेशींपाशी ऑक्सिजन सोडला की मात्र हे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, बारीक केशवाहिनीत अडकते. पुढचं रक्त थांबतं, कळा येतात. पुन्हा ऑक्सिजन मिळाला की पेशी सरळ होते, पण दरवेळी थोडी कडक होत जाते आणि लवकर मरते. नेहमीची पेशी १२० दिवस जगते, ही दोन-तीन आठवडे.

भाच्याला पाणी भरपूर, थंडी आणि ताप यांपासून जपणं, दमछाक होईल इतकी कसरत नाही. भराभर श्वासाचे प्रकार त्यानं करू नयेत असं माझं मत. छातीत दुखून धाप लागली तर मात्र एक मिनिटही वाट न बघता दवाखान्यात न्या. बाकी त्याच्या डॉक्टरांना गर्दी नसलेल्या वेळी गाठा, हे असं धाग्यावर उरकायचं प्रकरण नाही.

---

संत्राबर्फी | बुधवार, सकाळी १०:४५

वर कार्बन डायऑक्साइड रक्तातून कसा जातो हे राहिलं. घरी करून बघता येईल असं सांगतो.

पानठेल्यावरून चुना आणा, खर्ऱ्यासाठी म्हणून सहज मिळतो. बोराएवढा चुना ग्लासभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओता. ही चुन्याची निवळी. आता स्ट्रॉनं त्यात फुंका. फक्त फुंका, ओढू नका, तोंड भाजेल. डोळ्यांत उडू देऊ नका. थोड्याच फुंकरींत पाणी दुधासारखं होतं. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं चुन्याचा खडू केला. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात अशाच निवळीवरून ओळखलं की आपल्या श्वासात हा वायू असतो.

बहुतेक लोक इथे थांबतात. थांबू नका, फुंकत राहा. बराच वेळ, चिकाटीनं. दुधाळ पाणी पुन्हा निवळायला लागतं. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं खडूचं बायकार्बोनेट झालं, आणि ते विरघळतं.

रक्ताची युक्ती हीच आहे. कार्बन डायऑक्साइडचा साधारण ७० टक्के भाग बायकार्बोनेट होऊन विरघळलेल्या रूपात प्रवास करतो. थोडा हिमोग्लोबिनला चिकटून, थोडा तसाच. बायकार्बोनेट करायचं काम तांबड्या पेशीतलं एक विकर (एन्झाइम) करतं, त्याचा एकेक रेणू सेकंदाला लाखो वेळा. फुफ्फुसाशी आलं की तेच उलटं फिरवून पुन्हा वायू बनवतं आणि तो वायुकोशात उडून जातो.

---

तर्रीपोहा | बुधवार, रात्री १०:३०

दोन दिवस वाचून राहिलो, आता माझा हिशेब तपासा.

आमची बेडरूम १० बाय १२, उंची १०. म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४,००० लिटर हवा. रात्री एसी लावून दारं-खिडक्या बंद. सकाळी डोकं जड. आई म्हणते ऑक्सिजन संपतो. माणूस निवांत असताना मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो आणि २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असं धरलं. दोन माणसं, आठ तास: ऑक्सिजन २४० लिटर खर्च, म्हणजे २०.९ टक्क्यांवरून २०.२. काहीच नाही! पण कार्बन डायऑक्साइड १९२ लिटर जमा, म्हणजे ०.०४ वरून ०.६ टक्के, पंधरापट. खोली अगदी हवाबंद धरली तर. बरोबर का ताई?

---

भूलचूक | बुधवार, रात्री १०:५०

शंभर टक्के. झोपेत वापर थोडा कमी आणि दाराच्या फटी असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडे यापेक्षा खाली. पण दिशा हीच. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. कूलर असताना हा त्रास नव्हता, तो बाहेरचीच हवा आत ढकलतो.

एक हिशेब माझ्याकडून, काकांना द्या. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिलि: सहा लिटर. मिनिटाला २४ श्वास, प्रत्येकी २५०: तेही सहा लिटर. पण दर श्वासातले १५० मिलि नळ्यांतच राहतात, वायुकोशांत जातच नाहीत. पहिल्यात वायुकोशांना ४.२ लिटर पोचले, दुसऱ्यात २.४. उथळ घाईत निम्म्याहून जास्त मेहनत नळ्यांवरच जाते.

---

महालवाला | बुधवार, रात्री १०:५५

काकायले हिशेब कोण देणार? तुम्ही द्याल का तर्रीभौ?

---

तर्रीपोहा | रविवार, सकाळी ९:२०

दिला. म्हणजे द्यायचा प्रयत्न केला.

रात्रीच निवळी करून बाटलीत भरली, स्ट्रॉ घेतले, सेमिनरी हिल्सवर गेलो. सतरंजीवर सगळ्यांसमोर काचेच्या ग्लासात ओतली. म्हटलं, काका, हे बघा, शरीरातून काय निघून राहिलं ते. मी फुंकलं, पाणी दुधाळ. बायका "अगं बाई" म्हणाल्या. मी ऑक्सिजन, कार्बन, माठ, तोटी सगळं सांगितलं. बोटं आखडतात ती का, तेही सांगितलं. जोशात सांगितलं, खोटं कशाला बोलू.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आण इकडे." ग्लास घेतला आणि फुंकायला लागले. हळू, लांब, न थांबता. चेहरा लाल नाही, घाई नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली. लोक कंटाळून भेळेच्या गोष्टी करायला लागले. आणि सर, तुम्ही म्हणालात तसं ते पाणी खरोखर निवळायला लागलं. आधी कडेनं, मग मधून. मी घरी तीनदा करून पाहिलं होतं, माझ्यानं एकदाही झालं नव्हतं.

काकांनी ग्लास उन्हाकडे धरला आणि सगळ्यांना दाखवला. "पाहा. यायच्या श्वासानं पाणी गढूळ झालं. आपल्यानं शुद्ध झालं."

टाळ्या पडल्या. माझं बायकार्बोनेट कोणी ऐकलंच नाही. व्यायाम मात्र आज हळू झाला, कारण फुंकून फुंकून काकांचाच दम गेला होता.

---

महालवाला | रविवार, सकाळी ९:२६

काका जिंकले. चुना कोणत्या ठेल्यावरचा होता?